ट्रेलसाठी जुनी गाडी: एक्सपल्स, हिमालयन की इम्पल्स?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 28, उंची 5 फूट 5 इंच, वजन 62 किलो. आठवडाभर हिंजवडीला ऑफिस, शनिवार-रविवार मुळशी, मावळ, वेल्हे या बाजूच्या कच्च्या वाटा. आजवर 150 सीसीची साधी गाडी चालवलेली. बजेट सगळं धरून सव्वा लाख. समोर तीन जाहिराती: 2021 ची हिरो एक्सपल्स 200, 2018 ची रॉयल एनफिल्ड हिमालयन आणि 2013 ची हिरो इम्पल्स. कुठली घ्यावी, आणि बघायला गेल्यावर नेमकं काय तपासावं?

आधी उत्तर, मग कारणं. या तिन्हींत एक्सपल्स. समोरची एक्सपल्स तपासणीत नापास झाली तर दुसरी एक्सपल्स शोधा, महिनाभर थांबा, पण तेवढ्यासाठी हिमालयनकडे वळू नका.

जुनी गाडी घेताना लोक सीसी विचारतात, मग किलोमीटर, मग मायलेज. ट्रेलसाठी मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: आडवी पडलेली ही गाडी या माणसाला एकट्याने उभी करता येईल का? आपल्याकडच्या वाटा तुम्हाला माहीत आहेत. पावसाळ्यात वर लाल चिखल, खाली कातळ, कातळावर शेवाळ. दिवाळीनंतर त्याच चढावर सुटा घसारा. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून कडक झाल्या की पुढचं चाक त्यात अडकतं आणि हँडल हातात राहत नाही. अशा ठिकाणी ताशी दहा-पंधराच्या वेगात गाडी पडते. बहुतेक वेळा कुणाला काही होत नाही, पण गाडी उचलावी लागते, आणि नवखा माणूस एका दुपारी चार-पाच वेळा सहज पडतो. दोनदा उचलल्यावर दंड भरून येतात, श्वास लागतो, क्लच सोडताना हात थरथरतो आणि तिसरं पडणं त्या थकव्यामुळेच होतं. हाडं मोडतात ती अशा तिसऱ्या-चौथ्या वेळी. म्हणून वजन हा माझ्यासाठी सोयीचा मुद्दा नाही, सुरक्षिततेचा आहे.

आता आकडे बघा. बीएस 6 (नव्या प्रदूषण निकषांची) एक्सपल्स 157 किलो. 2018 ची हिमालयन 190 किलोच्या आसपास, नंतरची बीएस 6 तर 199. इम्पल्स 134. तुमच्या 62 किलोच्या शरीराला हा तीस-चाळीस किलोंचा फरक पहिल्या चढावरच कळेल. ओळखीत कुणाकडे या गाड्या असतील तर खरेदीआधी हा प्रयोग नक्की करा. गवतावर गाडी हळूच आडवी करा, इंजिन बंद, गियरमध्ये. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे कलंडणार नाही. मग हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करा, बूड सीटला टेकवा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागचं ग्रॅब रेल धरा आणि कमरेने नव्हे तर मांड्यांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे ढकला. एक्सपल्स तुम्ही उचलाल. हिमालयनही एकदा उचलाल. पाच मिनिटांनी ती पुन्हा उचलून बघा.

ताकदीची चिंता करू नका. एक्सपल्सचं 199.6 सीसीचं इंजिन साधारण 18 पीएस देतं आणि हायवेवर ते कमी वाटतं, हे खरं आहे. पुणे-बंगलोर रस्त्यावर ताशी 80-85 ला ती सुखात असते, त्यापुढे ओढाताण. पण ट्रेलवर तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये असता. तिथे अंगावर न धावून येणारं इंजिन शिकणाऱ्याच्या फायद्याचं असतं. 40 पीएसच्या गाडीवर मनगट जरा जास्त फिरलं की मागचं चाक दगड उडवत बाजूला जातं. एक्सपल्स अशी चूक खपवून घेते.

उंचीबद्दल. एक्सपल्सची सीट 823 मिलिमीटर, हिमालयनची 800. 5 फूट 5 इंचांना एक्सपल्सवर दोन्ही टाचा टेकणार नाहीत, चवडे टेकतील. सपाटीवर एवढं पुरतं. अडचण चाकोरीत येते, कारण पाय टेकवायची जमीन तिथे चाकापेक्षा खाली किंवा वर असते. त्यावर उपाय म्हणजे एका बाजूला सरकून एकच पाय नीट टेकवायची सवय. सीटचा फोम इंचभर कापून घेतला तरी चालेल, तोही चांगल्या सीटवाल्याकडून, पुढच्या बाजूला निमुळता. मागचं सस्पेन्शन खाली बसवणारे लिंक मात्र लावू नका. ज्या 220 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्ससाठी पैसे मोजले तोच त्याने जातो, आणि वळताना गाडी आळशी होते.

हिमालयन वाईट गाडी आहे असं कुणी समजू नये. 2016 साली आली तेव्हा लडाख-स्पिती करणाऱ्यांना परवडेल अशी तिच्यासारखी दुसरी गाडी नव्हती. 32 न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद), 15 लिटरची टाकी, मागे माणूस आणि सामान घेऊन दिवसभर चालणारी. तुमचा बेत पुणे ते स्पिती असता तर मी तीच सांगितली असती. तुमचा बेत मुळशीतल्या पाणंदीचा आहे.

इम्पल्सवर माझं मनापासून प्रेम आहे. 2011 मध्ये आपल्या बाजारात तिच्याआधी असं लांब सस्पेन्शन घेऊन साध्या किमतीत कुणी आलंच नव्हतं. ती हलकी आहे, इंजिन साधं आहे, कुठलाही गावचा मिस्त्री ते उघडू शकतो. पण पहिली गाडी म्हणून आज ती घेऊ नका. तिचं उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली. इंजिनाचे भाग जमवता येतात, पण टाकी, पॅनल, मीटर अशा गोष्टी जुन्या गाड्यांतून शोधाव्या लागतात. पुढचं चाक 19 इंची, 21 नाही. शिवाय कागदाचा प्रश्न आहे: आरसी 15 वर्षांची असते. म्हणजे 2013 ची गाडी 2028 मध्ये पुन्हा नोंदणीला जाणार, तपासणी आणि पर्यावरण कर भरून. ज्याच्याकडे दुसरी रोजची गाडी आहे आणि जो स्वतः पाना हातात घेतो, त्याने इम्पल्स जरूर घ्यावी.

बाकीच्यांबद्दल दोन वाक्यं, कारण शोधताना त्या समोर येतीलच. केटीएम 390 ॲडव्हेंचर (2020 पासून), बीएमडब्ल्यू जी 310 जीएस (2018 पासून) आणि सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स (2022 पासून) या मुळात लांब पल्ल्याच्या गाड्या. पुढे 19 इंची चाक, बहुतेकींना अलॉय, आणि पडल्यावर मोडणारी किमती प्लॅस्टिकं. अलॉय दगडावर आदळून तडकलं की तिथेच संपलं, तारांचं चाक वाकलं तरी घरापर्यंत आणतं. कावासाकी केएलएक्स 230 ही खरी रस्त्यावर चालणारी डर्ट गाडी डिसेंबर 2024 मध्ये आपल्याकडे आली, पण जुन्यात ती सव्वा लाखात शोधू नका. आणि एक धोक्याची सूचना: केएक्स किंवा केएलएक्स 110, 140 सारख्या गाड्या फक्त ट्रॅकसाठी विकल्या जातात. त्यांना नंबर मिळत नाही. ‘गावाकडे कोण विचारतंय’ असं सांगून कुणी स्वस्तात देऊ लागला तर परत या. अशा गाडीने ट्रेलपर्यंत जाणारा डांबरी रस्ताही ओलांडता येत नाही, विमा नसतो, आणि कुणाला धक्का लागला तर सगळी भरपाई तुमच्या खिशातून.

एक्सपल्समध्येच कुठली, हाही प्रश्न आहे. मे 2019 मध्ये ती दोन प्रकारांत आली: कार्बोरेटरवाली 97 हजारांना आणि फ्युएल इंजेक्शनवाली 1 लाख 5 हजारांना, दोन्ही एक्स-शोरूम. 2020 मध्ये बीएस 6 आली, ऑइल कूलर घेऊन. ऑक्टोबर 2021 मध्ये चार व्हॉल्व्हची 4व्ही. 2023 मध्ये एबीएसचे (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडू न देणाऱ्या यंत्रणेचे) तीन मोड आले. तुम्हाला 2020-21 ची दोन व्हॉल्व्हची बीएस 6 पुरेशी आहे. 4व्ही बजेटात चांगल्या अवस्थेत मिळाली तर उत्तम, पण दमलेल्या 4व्हीपेक्षा सांभाळलेली जुनी बरी. कार्बोरेटरवालीला लोक उगीच नाकं मुरडतात. इंजेक्शनचा मोठा फायदा विरळ हवेत, लडाखच्या घाटांवर. आपल्या राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण कळसूबाई, 1646 मीटर, आणि तुमच्या वाटा त्याच्याही बऱ्याच खाली. इथे कार्बोरेटर काही अडवत नाही. जुन्या किमती लक्षात ठेवायचं कारण असं की 2019 च्या गाडीला आज कुणी नव्वद हजार मागत असेल, तर नवी असताना तिची किंमत काय होती हे तुम्हाला बोलता आलं पाहिजे.

जाहिरातीत ‘एक्सपल्स 200टी’ असेल तर ती वेगळी गाडी आहे. दोन्हीकडे 17 इंची अलॉय, सस्पेन्शन आखूड, रस्त्यासाठी बनवलेली. फोटोत पुढचं चाक बघितलं की कळतं.

आता रॅली किट. काही गाड्यांना ते बसवलेलं असतं: पुढे 250 मिलिमीटर ट्रॅव्हल (सस्पेन्शनची वर-खाली होण्याची लांबी), मागे 220, सगळं ॲडजस्ट होणारं, गुठळ्यांचे टायर. सामान अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण त्याने गाडी आणखी उंच होते आणि तुमच्या उंचीला तिच्यावर शिकणं जड जाईल. शिवाय किट बसवलेली गाडी कशासाठी वापरली गेली असेल, याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. तुम्ही स्टॉक गाडी शोधा. लोक क्रॅश गार्ड, फॉग लॅम्प, मोबाइल होल्डर, बाहेरचा सायलेन्सर याची बेरीज करून किंमत सांगतात. त्यातल्या बॅश प्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) आणि हँड गार्ड या दोनच गोष्टींना मी थोडी किंमत देतो. सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा मागून घ्या, तो नसेल तर तेवढी रक्कम कापा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर दंड होतोच. त्याहून महत्त्वाचं, तुम्ही ज्या वाटांवर जाणार त्या कुणाच्या तरी शेताच्या, गोठ्याच्या, देवळाच्या कडेने जातात. चार फटफटणाऱ्या गाड्यांनी गुरं उधळली की गावकरी वाटेवर काट्या आडव्या टाकतात, आणि ते बरोबरच करतात.

बघायला जाण्याआधी मालकाला फोनवर सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर काहीतरी लपवलं जातंय असं धरून चाला, निदान पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड इंजिन एक-दोन सेकंदांत उचललं पाहिजे. सुरुवातीचा पांढुरका वाफेसारखा धूर चालतो. निळसर धूर, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर येणारा, म्हणजे इंजिन ऑइल खातंय.

त्यानंतर मी जे बघतो ते फार कमी लोक बघतात: एअर फिल्टरची पेटी. बाजूचं पॅनल उघडायला दोन मिनिटं लागतात, मालकाची परवानगी घेऊन उघडा. फिल्टर मळलेला असणं हा दोष नाही. फिल्टर काढल्यावर त्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवा. तिथे बोटाला बारीक लाल धूळ लागली तर ती गाडी घेऊ नका. ती धूळ पिस्टनच्या रिंगपर्यंत गेलेली असते, आणि जांभ्याची धूळ सिलिंडर घासून काढते. असं इंजिन आज गोड वाजतं आणि सहा महिन्यांत धूर काढतं. किलोमीटरच्या आकड्याला मी ट्रेलच्या गाडीत फारसं महत्त्व देत नाही ते यामुळेच. रोज ऑफिसला जाऊन 40 हजार झालेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी धूळ प्यालेल्या 12 हजारांच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगली.

ऑइल भरायचं झाकण उघडा. आतून चहासारखा दुधाळ थर दिसला तर ओढ्यात इंजिनात पाणी गेलंय किंवा ते नीट काढलेलं नाही. एअर फिल्टरच्या पेटीत तळाला वाळलेल्या चिखलाची रेष असेल तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं.

मग जमिनीवर बसा, शक्य तर झोपा. खालून गाडी बघितल्याशिवाय ट्रेलची गाडी घेऊच नये. बॅश प्लेटवर ओरखडे असणारच. मला चिंता प्लेटच्या वर, फ्रेमच्या नळ्यांची असते. तिथे चेप, वाक किंवा नव्या काळ्या रंगाचा एखादाच पट्टा दिसतोय का? हँडलच्या मानेपाशी, जिथे फ्रेमच्या नळ्या एकत्र येतात, तिथे बॅटरीच्या प्रकाशात रंगाला केसासारखी भेग आहे का? वेल्डिंग बाकीच्या वेल्डिंगसारखंच आहे, की एक जागा वेगळी फुगलेली आहे? हँडल पूर्ण वळवल्यावर ज्या खुंटीवर ते अडतं ती वाकलेली वा तुटलेली असेल तर गाडी समोरून जोरात आदळलेली आहे. या चारपैकी एकही खूण दिसली की किंमत बोलायचीच नाही, आभार मानून निघायचं. बाकी सगळं दुरुस्त होतं, वाकलेली फ्रेम होत नाही.

पुढचे शॉकअप: रबर वर सरकवून नळीवर ऑइलचा ओला थर आहे का ते बघा. सील बदलणं स्वस्त काम आहे. पण नळीवर दगडाचा खड्डा किंवा गंजाचे ठिपके असतील तर नवं सीलही टिकत नाही, आणि नळी बदलणं महाग. गाडीपुढे चार-पाच पावलांवर उभं राहून दोन्ही नळ्या एका रेषेत दिसतात का पाहा. सरळ चालवताना हँडल एका बाजूला कललेलं राहतं का? रस्त्यावर बादलीभर पाणी ओता आणि मित्राला त्यातून सरळ गाडी न्यायला सांगा. मागच्या चाकाचा ओला पट्टा पुढच्या पट्ट्यावर बसला पाहिजे. दोन वेगळ्या रेषा पडल्या तर फोर्क (पुढच्या नळ्या), स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा फ्रेम यांपैकी काहीतरी वाकलंय, नाहीतर निदान चेन ॲडजस्टर दोन बाजूंना वेगवेगळ्या खुणांवर आहेत. ॲडजस्टर तिथेच बघून घ्या.

कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग: दोघांनी मिळून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटाने हळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट गेला. ट्रेलवर चालणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं आहे, घाबरू नका, पैसे कापा. तसंच मागचं चाक उचलून ते आडवं आणि वर-खाली हलवा. खडखड आली तर स्विंगआर्मचे बुश किंवा सस्पेन्शनच्या लिंकेजचे बेअरिंग संपलेत. गाडी चमकदार पण हे सांधे कोरडे, असं मी वारंवार बघतो. विकण्याआधी प्रेशर पंपाने दणकून धुतल्याने ग्रीस निघून जातं आणि आत पाणी बसतं.

चाकांच्या प्रत्येक तारेवर छोट्या पान्याने टिचकी मारा. ताणलेली तार टणकन वाजते, सैल तार थड असा आवाज करते. दोन-चार सैल तारा कसता येतात. सगळंच चाक ढिलं असेल, किंवा रिम स्विंगआर्मजवळ पेन धरून फिरवल्यावर डावी-उजवीकडे नाचत असेल, तर तारा आणि मजुरीचा खर्च धरा. रिमच्या कडेला चेप असतोच. तो ट्यूबला कापेल इतका धारदार नको. टायरवरचे चार आकडे वाचा: 2321 म्हणजे 2021 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचा कडक झालेला टायर ओल्या कातळावर धरत नाही.

क्लचची परीक्षा चालवतानाच होते. चढावर तिसऱ्या गियरमध्ये ताशी 25-30 ला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण द्या. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तेवढी पुढे सरकली नाही तर प्लेटा जळाल्यात. अर्ध्या क्लचवर चढ चढलेल्या गाडीत हे होणारच, आणि प्लेटा बदलणं काही भयंकर नाही. मालक मात्र ‘केबल ॲडजस्ट केली की होईल’ म्हणतो, ते ऐकू नका. चेन-स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर पूर्ण सेटचा खर्च.

चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा पेटलाच पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. मुळीच पेटत नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय. एक्सपल्सला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचं चाक तुम्हाला हवं तेव्हा लॉक करता येतं, आणि ट्रेलवर ते उपयोगाचं आहे. सीट काढून वायरिंग बघा. मूळ वायरिंगवर चिकटपट्ट्यांचे गोळे आणि जागोजागी तोडजोड असेल, तर पहिल्याच पावसात ओढ्यामध्ये गाडी बंद पडेल. ऑइल कूलरच्या पंखांवर दगडांचे मार आणि ऑइलची ओल आहे का तेही बघून घ्या.

कागद. गाडी कितीही आवडली तरी टोकन देण्याआधी एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. मग आरसीवरचे चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा, चिखल पुसून, प्रत्येक अक्षर. ट्रेलच्या गाड्यांत मानेपाशी केबल घासून चॅसी नंबर पुसट होतो. वाचताच येत नसेल तर आरटीओत तुम्हाला फेऱ्या पडतील. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि सही केलेला फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलनं थकली असतील तर मालकाने तुमच्यासमोर भरावीत. हस्तांतरणासाठी फॉर्म 29 आणि 30. विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि विमा नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज द्यायचा असतो. ‘सही करून देतो, तुम्ही निवांत करा’ हे मान्य करू नका. 2021 च्या गाडीचा थर्ड पार्टी विमा नवी घेतानाच पाच वर्षांचा काढलेला असतो, त्याची मुदत कधी संपते ते बघा. स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुतेकांनी केव्हाच सोडलेला असतो. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून झाली आहे का, हेही विचारा. तुमच्या यादीतल्या हिमालयन आणि इम्पल्सला ते लागू आहे, एक्सपल्सला नाही. कर्नाटक किंवा गोव्याच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) आणि इथला कर धरला की स्वस्त राहत नाही. तुम्ही महाराष्ट्रातलीच बघा.

पैशांची विभागणी मी अशी करीन. सव्वा लाखातले 85 ते 90 हजार गाडीला, नावावर करण्याच्या खर्चासकट. 12 ते 15 हजार पहिल्या कामाला. उरलेले अंगावरच्या सामानाला, आणि इथे मी हट्ट धरतो. घोट्याच्या वर जाणारे कडक बूट, गुडघ्यांचे गार्ड, कोपरांचे गार्ड, हातमोजे आणि चांगलं हेल्मेट. 157 किलोची गाडी घोट्यावर पडली तर बूट आणि चपलेतला फरक हा तीन महिन्यांच्या प्लास्टरचा असतो. सामानाला पैसे उरत नसतील तर गाडी आणखी स्वस्त घ्या किंवा थांबा.

कुठे चालवायचं याबद्दल एवढंच, की वहिवाटीच्या कच्च्या रस्त्यांवर राहा. ताम्हिणी, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं आहेत, तिथे गाडी घेऊन रस्ता सोडणं गुन्हा आहे. पावसाळ्यात सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, चाक घालू नका. कातळावरच्या इंचभर मातीत वर्षातून काही आठवडे फुलणारी झाडं असतात. चाकाने एकदा ती माती उखडली की पावसाने वाहून जाते आणि तिथे पुन्हा लवकर काही उगवत नाही.

गाडी घरी आल्यावर ट्रेलला न्यायच्या आधी ही कामं उरकून घ्या. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर, नवा एअर फिल्टर, दोन्ही ब्रेकचं ऑइल आणि पॅड. कोनसेट आणि स्विंगआर्म उघडून ग्रीस. सगळ्या तारा कसून घेणं. क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल नवी, जुनी चांगली असेल तर ती टाकीखाली सुटी बांधून ठेवा. दोन्ही चाकांच्या जाड ट्यूब. हँडल, गियरचा दांडा आणि ब्रेकचा पाय तुमच्या मापाने फिरवून घ्या, उभं राहून चालवताना मनगट सरळ राहील असे. सोबत एक पुढची 21 इंची ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप, चेनची जोडकडी आणि क्लचचा जादा लिव्हर ठेवा. पुढची ट्यूब अडीनडीला मागच्या 18 इंची चाकातही घालून घरी येता येतं, उलटं करायला जाऊ नका. पंक्चर काढायला आधी घरी, अंगणात शिका. कच्च्यावर उतरल्यावर हवा 20 पीएसआयच्या आसपास आणा, डांबरीवर परतताना भरून घ्या.

आणि पहिले दोन-तीन शनिवार घाटाकडे न जाता एखाद्या मोकळ्या पडीक मैदानावर घालवा: उभं राहून चालवणं, मागचं चाक लॉक करून थांबणं, चढावर बंद पडलेली गाडी ब्रेक आणि क्लच धरून मागे उतरवणं. शेवटचं तर खास. वेल्ह्याकडच्या चढांवर पहिल्याच दिवशी ते लागेल.